चौबाऱ्याच्या चार वाटा

आमच्या शाळेतील मुलांना शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ठाऊक असतो, रायगडावरचे टकमक टोक ठाऊक असते. पण ज्या बिदर शहरात त्यांचे वडील महिन्यातून दोनदा कचेरीच्या कामाला जातात, त्या शहराचे शाहगंज, मंगलपेठ, तालघाट हे दरवाजे त्यांना ठाऊक नसतात. दोष मुलांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. पाठ्यपुस्तकात बहमनी राज्यावर थोडा मजकूर असतो, तो आम्ही परीक्षेपुरता उरकतो. घरी मुलांच्या कानांवर एकच गोष्ट पडत असते, ती म्हणजे आपण चुकून इकडे राहिलो.

ते म्हणणे समजण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानचा बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा आमचा भाग म्हैसूर राज्यात आला, ज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. माझ्या वडिलांची बहीण उदगिरास, आम्ही भालकी तालुक्यात. तोवर एका जिल्ह्यात असलेली आत्या एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेली. तिचे आमच्याकडे येणे मात्र पूर्वीसारखेच चालू राहिले, फक्त बस बदलावी लागू लागली.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांची सहल ठरवायची होती. शिक्षकांच्या बैठकीत महाबळेश्वर निघाले, शिर्डी निघाली. मी म्हटले, यंदा बिदर. बैठकीत जरा शांतता पसरली. एका तरुण शिक्षकाने हळूच विचारले, "सर, बिदरला सहल म्हणजे काय बघायचे? किल्ला तर सर्वांनी पाहिला आहे." मी म्हटले, "किल्ला शेवटी, वेळ उरला तर. आपण गावात हिंडायचे. चौबाऱ्याभोवतीच्या गल्ल्यांत."

मुले होती सतरा. पूर्वी आमच्याकडे नववीच्या दोन तुकड्या असत आणि सहलीला बस पुरत नसे. आता एक तुकडी आहे आणि तिच्यातही बाकं रिकामी आहेत. त्याची कारणे वाचकांना मी सांगायला नकोत. सीमाभागातल्या प्रत्येक घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात तीच चर्चा होते.

या सहलीमागे माझे एक खाजगी कारणही होते, तेही सांगून टाकतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी नवा शिक्षक असताना सातवीच्या चाचणीत 'शब्दांचे अर्थ लिहा' या प्रश्नात 'तालीम' हा शब्द घातला होता. एका मुलाने उत्तर लिहिले, 'शिक्षण'. मी लाल शाईने ते खोडले, शेजारी 'आखाडा' लिहिले, आणि एवढ्यावर न थांबता ते वर्गात वाचून दाखवले. मुलगा बिदरच्या जुन्या शहरातला होता, आजोळी राहून आमच्या शाळेत शिकत होता. तो उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या गल्लीत तालीम आहे, तिथे कुस्तीच खेळत. पण शेजारचे सगळे शिकण्यालाच तालीम म्हणतात." वर्ग हसला. मीही हसलो. पुढे फारसीचा थोडा अभ्यास झाला, कोश चाळण्याची सवय लागली, तेव्हा कळले की मुलाचे उत्तर मूळ शब्दाशी माझ्यापेक्षा जास्त इमानी होते. 'तालीम' हा अरबी शब्द, त्याचा अर्थच शिकवणे. आपण मराठी माणसांनी तो मल्लविद्येपुरता राखून ठेवला आणि नाटकाच्या सरावाला दिला. तो मुलगा आठवीनंतर शाळा सोडून गेला. एका गुणामुळे नव्हे, घरच्या परिस्थितीमुळे. तरीही तो एक गुण माझ्याकडे बाकी आहे.

तर आम्ही सकाळी नऊच्या सुमारास चौबाऱ्यापाशी पोचलो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या बिदरच्या ऐन मध्यावर, दोन मुख्य रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे, सुमारे ७१ फूट उंचीचा एक गोल मनोरा उभा आहे. तोच चौबारा. घडण अगदी साधी, नक्षीकाम जवळजवळ नाही. टेहळणीसाठी तो बांधला असावा असे अभ्यासक मानतात, आणि त्याच्या पायथ्याशी उभे राहिले की ते पटते, कारण चारी रस्ते सरळ दूरवर दिसतात. या चार रस्त्यांनी गावाचे चार भाग पडतात. भोवती तट, तटाची मोठी बांधणी अली बरीदच्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्याला झाली. तटाला शाहगंज, फत्ते, मंगलपेठ, दुल्हन आणि तालघाट असे पाच दरवाजे. पुण्या-साताऱ्याच्या पेठांना जसे वारांची नावे, तशी इथल्या जुन्या वस्तीला दरवाजांची ओळख.

सकाळच्या वेळी या चौकात एक मोठी गंमत असते. एका हातगाडीवर पेरू विकणारा माणूस कन्नडात भाव सांगतो, गिऱ्हाईक दखनीत घासाघीस करते, गाडीशेजारची म्हातारी मराठीत त्याला कमी घे म्हणून सांगते आणि तो तिघांनाही एकाच भाषेत उत्तर देतो, जी यांपैकी कुठलीच नसते आणि सगळ्या असतात. जवळच्या तेलंगणातून आलेले कोणी असले तर चौथी भाषाही मिसळते. आमच्या मुलांना याचे काहीच वाटले नाही, कारण आमच्या गावच्या बाजारातही असेच चालते. पुण्याहून येणारे पाहुणे मात्र इथे उभे राहून ऐकत राहतात.

मग मी मुलांना तालमी दाखवायला नेले. जुन्या बिदरच्या चार भागांत चार तालमी होत्या: सिद्दीक शहाची, नूरखानाची, मणियार आणि पानसाल. गुलाम यझदानी यांनी बिदरवर जो मोठा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या चारही तालमींची नोंद आहे. शाही इमारतींच्या जोडीला त्यांनी ही गल्लीतली बांधकामेही टिपली, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. वस्तीतल्या तरुणांनी इथे कुस्ती, लाठी, तलवारबाजी शिकायची, मोहरमला आपापल्या भागाचा मान राखायचा. कोल्हापूरच्या पेठेतला माणूस इथे आणला तर त्याला काहीही समजावून द्यावे लागणार नाही. तिकडेही पेठेची ओळख तालमीवरून, आणि कित्येक तालमींत मोहरमला पंजे बसतात.

एका तालमीसमोर उभे राहून मी मुलांना विचारले, "तालीम म्हणजे काय?" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, "आखाडा!" मी त्यांना पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची हकिकत सांगितली. मुख्याध्यापकाने स्वतःची चूक भर रस्त्यात कबूल करावी ही गोष्ट मुलांना फार आवडली. दिवसभर ते एकमेकांच्या कानांत त्याचीच चर्चा करत होते. मी मात्र प्रत्येक दुकानाच्या पाटीखाली बसलेल्या चाळिशीच्या माणसाकडे उगाच निरखून बघत होतो. तो काही भेटला नाही.

चौबाऱ्यापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गवानचा मदरसा लागतो. 'मदरसा' शब्दाच्या पोटात 'दर्स' आहे, दर्स म्हणजे धडा. म्हणजे एकाच रस्त्याच्या टापूत तालीम आणि मदरसा, शाळेची दोन नावे. एक अंग घडवणारी, एक बुद्धी घडवणारी. हे मुलांना सांगितल्यावर आमच्या वर्गातला एक दांडगा मुलगा म्हणाला, "सर, मी पहिल्या शाळेत."

महमूद गवान हा इराणातल्या गिलान प्रांताचा. १४५३ मध्ये व्यापाराच्या निमित्ताने दाभोळ बंदरात उतरला आणि तिथून बिदरला आला तो इथलाच झाला. पुढे बहमनी राज्याचा वजीर. कोकणातल्या गडांसाठी त्याने वर्षानुवर्षे मोहिमा केल्या. १४७२ मध्ये गोवा घेतले आणि त्याच वर्षी हा मदरसा उभा राहिला. तीन मजली इमारत, वर्ग, विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या, आणि तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय. त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बिदरमध्ये राहून गेला. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आणि दर दरवाज्यात आल्यागेल्याची नोंद करणारे लेखनिक, असे त्याने लिहून ठेवले आहे. कारकुनी आपल्या भागात किती जुनी आहे, हे पाहून मला बरे वाटले.

आज मदरशाचा एकच मनोरा शिल्लक आहे. १६९६ मध्ये, म्हणजे औरंगजेबाच्या अमलात, आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा व दुसरा मनोरा कोसळला. ग्रंथालयाच्या जागी दारूकोठार करणाऱ्यांच्या अकलेबद्दल मी मुलांपुढे काही बोललो नाही. उरलेल्या मनोऱ्यावर आणि भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या चिनी फरशांचे तुकडे अजून आहेत. सकाळचे ऊन तिरपे पडले की निळा रंग असा उठतो की साडेपाचशे वर्षांचा वाटत नाही. एका मुलीने विचारले, "सर, हे पूर्ण असताना कसे दिसत असेल?" मी म्हटले, "तुझ्या वहीत काढून बघ." तिने खरेच काढायला घेतले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही तिच्यासाठी थांबलो.

गवानचा शेवट सर्वांना माहीत आहे. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर खोटे पत्र लिहवून घेतले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतान तिसऱ्या महंमदाने त्या पत्राची शहानिशा न करता त्याचा शिरच्छेद करविला. पश्चात्तापाने सुलतान वर्षभरात मेला. राज्यही फार टिकले नाही. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, वऱ्हाड आणि बिदर अशा पाच शाह्या झाल्या. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे ज्या निजामशाहीत नावारूपाला आले, वडील शहाजीराजे ज्या आदिलशाहीत सरदार होते, त्या दोन्हींचे मूळ याच गावच्या दरबारात आहे. मराठ्यांचा इतिहास शिवनेरीपासून सुरू करायला हरकत नाही, पण त्याच्या मागचे पान बिदरात उघडते.

मदरशाच्या ओसरीवर डबे सोडले. जेवताना मी मुलांना एक खेळ दिला: आपल्या शाळेत रोज लागणारे फारसी-अरबी शब्द काढा. 'दप्तर' पहिल्यांदा निघाले. मग कागद, शाई, दौत, हजेरी, रजा, तारीख, अर्ज, सही, शिक्का. हे सारे वगळायचे ठरवले तर मला मुलांची हजेरी घेता येणार नाही, रजा मंजूर करता येणार नाही, आणि दाखल्यावर सहीही करता येणार नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वराज्याला स्वतःची राजभाषा हवी, हा विचार थोर. लोकांनी मात्र त्यातले सोयीचे घेतले, बाकीचे सोडले. भाषा शेवटी बाजारात ठरते. गवानने राज्याचे चार तरफ मोडून आठ केले, तो 'तरफ' शब्द कोकणात आणि पुणे भागात जमिनीच्या कागदांत 'तर्फ' म्हणून शतकानुशतके चालत आला. कानडीनेही आपल्याला काही कमी दिलेले नाही. अडकित्ता, तूप, अक्का, अण्णा हे शब्द कानडीशी नाते सांगतात. आमच्यातल्या एका मुलाला तूप कानडी असल्याचे दुःख झाले. त्याच्या वरणभातावर ते होतेच.

दुपारी सिद्दीक शहाच्या तालमीजवळच्या गल्लीत गेलो. बिदरी कारागिरांची दुकाने आणि कारखाने इथेच चौबाऱ्याच्या आसपास आहेत. कारखाना म्हणजे घराची पुढली खोली. एक वयस्क कारागीर मांडी घालून बसले होते, त्यांनी आम्हाला ओळखदेख नसताना आत बोलावले. सतरा मुले त्या खोलीत कशी मावली हे मला अजून उमगलेले नाही.

बिदरी भांडे काळे का असते, हा प्रश्न मुलांनी आधीच ठरवून आणला होता. चाचांनी क्रमाने दाखवले. सोळा भाग जस्त, एक भाग तांबे. वितळवून रेतीच्या साच्यात ओततात. मग कानशीने घासून गुळगुळीत करतात. मोरचूद लावून तात्पुरता काळा रंग देतात, म्हणजे वर कोरलेली रेघ डोळ्यांना दिसते. त्या रेघेवर छिन्नीने खोदायचे आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. पुन्हा घासले की सगळेच पांढुरके होते, चांदी कुठली नि जस्त कुठले कळेनासे होते. इथपर्यंतची मेहनत पाण्यात गेली असे बघणाऱ्याला वाटते. आणि मग खरी करामत. किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून भांडे गरम करून त्यावर चोळतात. जस्त कायमचे काळे पडते, चांदी तशीच लखलखीत राहते. शेवटी तेलाचा हात.

पण माती कुठलीही चालत नाही. ज्या जागी वर्षानुवर्षे ऊन-पाऊस पोचलेले नाही तिथली लागते, कारण तिच्यात शोऱ्यासारखा क्षार उतरलेला असतो. ती योग्य की अयोग्य हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. चाचांनी चिमूट तोंडात टाकून दाखवली आणि म्हणाले, "ये मिट्टीच बिदरी है, मास्टरसाब. चांदी तो कहीं भी मिलती." त्यांच्या त्या 'मिट्टीच'मधला 'च' मुलांनी लगेच पकडला. "सर, हा आपला च!" खराच आपला. दिल्लीच्या उर्दूत तो नाही, आमच्याकडच्या दखनीत आहे, आणि तो मराठीतून गेला असे भाषेचे अभ्यासक मानतात. देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हे मला व्याख्यानात सांगायचे होते. ते चाचांनी दोन वाक्यांत उरकले.

या कलेला २००६ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले, आणि २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. मान मोठा, पण मी त्या चाचांना विचारले, मुले काय करतात? एक हैदराबादेत मोबाइलच्या दुकानात, एक सौदीला. छिन्नी धरायला घरात कोणी नाही. मग त्यांनीच उलट विचारले, "आपके स्कूल में बच्चे कितने?" मी आकडा सांगितला, पूर्वीचाही सांगितला. आम्ही दोघे थोडा वेळ भांड्यांकडे बघत बसलो.

किल्ल्यासाठी तासभरच उरला, आणि किल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सोळाखांबी मशीद पाहिली, रंगीन महाल बाहेरून दाखवला. काळ्या दगडात शिंपले बसवण्याचे तिथले काम आणि काळ्या जस्तात चांदी बसवण्याचे बिदरी काम एकाच नजरेतून निघाले असावे, एवढेच बोललो. तिथल्या पटांगणात मुलांना दामाजीपंतांची आठवण करून दिली. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी करणाऱ्या दामाजींसाठी विठ्ठल विठू महाराच्या रूपात ज्या 'बेदरच्या पादशहा'पुढे धान्याचे पैसे भरायला गेला, ते बेदर हेच. महिपतींच्या १७६२ मधल्या भक्तविजयाने ही कथा घरोघर नेली. इतिहास म्हणून मी ती शिकवत नाही. पण लोकांनी आपल्या देवाला पंढरपुराहून नेमके कुठे पाठवले, याला अर्थ आहे. "म्हणजे विठोबा इथे आला होता?" असे विचारून एका मुलीने चप्पल काढून हातात घेतली. तिला मी काही बोललो नाही.

परतीच्या आधी पापनाशला गेलो. महादेवाचे देऊळ, खाली तळे. गुरुचरित्राच्या पन्नासाव्या अध्यायात फोडाने पीडलेला वैदुरानगरीचा यवन राजा गाणगापुरास श्रीगुरूंकडे जातो आणि त्यांना पालखीतून आपल्या नगरीकडे आणतो. त्यात येणारे पापविनाशी तीर्थ ते हेच, असे आमच्याकडे श्रद्धेने मानतात. तो राजा पूर्वजन्मीचा परीट, नवव्या अध्यायातला. मुलांच्या घरी दत्तजयंतीला सप्ताह होतात, त्यांना कथा पाठ होती. गाव मात्र ठाऊक नव्हते. मी त्यांना आणखी एक सांगितले: हा ग्रंथ रचणारे सरस्वती गंगाधर यांनी मराठी आपली भाषा नव्हे अशी कबुली ग्रंथातच दिली आहे, ते कानडी घरातले. ज्या पोथीला महाराष्ट्रातले घरोघर सोवळ्यात हात लावते, ती एका कानडी माणसाने मराठीत लिहिली, आणि तिच्यातली गाणगापूर व बिदर ही दोन्ही गावे आज कर्नाटकात आहेत. तो मघाचा तूपवाला मुलगा म्हणाला, "मग सर, आपण चुकून इकडे राहिलो असे कसे?" मी उत्तर दिले नाही. बस सुटायला दहा मिनिटे होती आणि दोघे जण पाणी आणायला गेलेले परतले नव्हते.

घरी निघताना चाचांनी मुलांना त्या मातीची एक पुडी बांधून दिली होती. ती आम्ही शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवली आहे, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर मुलांनी मराठीत, कन्नडात आणि उर्दूत 'बिदरची माती' असे लिहिले आहे. उर्दू अक्षरे चाचांच्या दुकानाच्या पाटीवरून उतरवली म्हणून त्यात 'माती'च्या ऐवजी बहुधा 'बिदरी हस्तकला' असे लिहिले गेले आहे. ते दुरुस्त करायचे राहून गेले. आमचे शिपाईमामा दर महिन्याला झाडलोट करताना विचारतात, "सर, ही पुडी टाकून द्यायची का?"